गेलेला माणूस नास्तिक, घरचे देवधर्म पाळणारे: पहिल्या तासापासून वर्षश्राद्धापर्यंत काय कसं करायचं

नाशिकमध्ये माणूस गेला की पुढचं सगळं आपोआप सुरू होतं. कोणीतरी अमरधामला, म्हणजे स्मशानभूमीत, फोन लावतो, कोणी बांबू-मडकं आणायला निघतो, कोणी गुरुजींना विचारतो दहावा कोणत्या वारी येतोय, आणि गंगा (इथे गोदावरीलाच गंगा म्हणतात) तर दारातच आहे, त्यामुळे इथे विधी करायचे की नाही असा प्रश्नच कोणी विचारत नाही, ते होतातच. पंचाईत तेव्हा होते जेव्हा गेलेला माणूस आयुष्यभर सांगत आलेला असतो की माझ्यामागे यातलं काही करू नका, आणि त्याची बायको, बहिणी, भाऊ, व्याही यातल्या निम्म्या लोकांना ते केल्याशिवाय झोप लागणार नसते. ज्यांच्या घरावर हे पहिल्यांदाच येतंय किंवा येणार असं दिसतंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आमच्या घरात माझे सासरे, अण्णा, पक्के नास्तिक होते. सासूबाई रोज काळारामाच्या दर्शनाला जाणाऱ्या, धाकट्या जाऊबाई बौद्ध घरातून आलेल्या, आणि आत्यांचं सासर त्र्यंबकचं, म्हणजे सगळ्या बाजू एकाच हॉलमध्ये बसलेल्या. नंतर ओळखीच्या काही घरांत मदतीलाही गेले, तिथेही वाद त्याच जागी अडकतात असं दिसलं, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

आधी दोन याद्या करा

कागदावर नाही केल्या तरी चालेल, डोक्यात करा. एका यादीत गेलेल्या माणसाच्या देहाचं आणि त्याच्या नावाने जे जे होणार ते. दुसऱ्या यादीत मागे राहिलेल्यांनी स्वतःच्या मनासाठी करायचं ते. पहिल्या यादीत त्याचा शब्द चालणार, मग तो आपल्याला पटो न पटो. दुसऱ्या यादीत कोणी कोणाला अडवायचं नाही.

म्हणजे उदाहरणार्थ, अण्णांच्या तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालणं ही पहिली यादी, ते त्यांना नको होतं, नाही घातलं. सासूबाईंनी संध्याकाळी देवघरापुढे बसून विष्णुसहस्रनाम म्हणणं ही दुसरी यादी, त्यात मुलाने नाक खुपसायचं कारण नाही. चौकातल्या बॅनरवर "वैकुंठवासी" लिहिणं पहिली यादी, कारण ते त्यांच्या नावामागे लागतंय. आत्यांनी त्यांच्या घरी सुतक पाळणं दुसरी.

सगळं यात बसत नाही. दिवा, अस्थी, दहावा या तीन गोष्टी मधे लटकतात आणि भांडणं तिथेच होतात, त्यांच्याकडे येतेच. पण बाकीचं बरंचसं एवढ्यानेच सुटतं.

एक मात्र सांगून ठेवते, चुका फक्त धार्मिक बाजूच्याच होतात असं नाही. नवरा गेल्याला दोन तास झालेत अशा बाईला "आई, हे सगळं थोतांड आहे" म्हणणारे मुलगे मी बघितलेत. आईला विवेकवाद शिकवायचा दिवस तो नव्हे, वडिलांना तरी ते आवडलं असतं का याचा विचार करा.

माणूस जिवंत असतानाच विचारून घ्या

नेहरूंनी १९५४ साली मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवलं होतं की माझ्यासाठी कोणतेही धार्मिक विधी करू नयेत. १९६४ च्या मे महिन्यात ते गेले आणि अंत्यसंस्कार मंत्रोच्चारातच झाले. देशाच्या पंतप्रधानांची ही गत, तर आपण कोण. लिहून ठेवलंय एवढ्याने भागत नाही, ते त्या घटकेला घरात हजर असलेल्या माणसांना माहीत असावं लागतं आणि मान्यही असावं लागतं.

म्हणून मृत्युपत्रावर विसंबू नका, ते बँकेच्या लॉकरमधून बाहेर येईपर्यंत तेरावा उलटून गेलेला असतो. साध्या कागदावर पत्र लिहायला सांगा, तारीख, सही, दोन साक्षीदार, आणि त्याच्या कॉपी तीन-चार जणांकडे. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ केला तर अजून चांगलं, कारण "हे त्यांनी लिहिलंच नसेल, सुनेने लिहून घेतलं असेल" हे वाक्य येतंच येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या सगळ्यात श्रद्धाळू माणसाला हे त्यांनी स्वतः, स्वतःच्या तोंडाने सांगावं. मुलामार्फत निरोप नको.

विचारायचं काय ते सुटं सुटं विचारा, कारण "विधी नकोत" याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा निघतो. एकाला भटजी नको असतो पण अस्थी गोदावरीतच हव्या असतात. दुसऱ्याला अस्थीबिस्थी काही नको, पण जेवण घाला लोकांना म्हणतो. तर नेत्रदान, देहदान, लाकूड की विद्युतदाहिनी, अग्नी कोण देणार, राखेचं काय, दहाव्याचं काय, जेवण, पेपरातली जाहिरात, फोटोला हार चालेल का, इतकं बारीक विचारा. अण्णांनी पत्रात शेवटी एक ओळ घातली होती, "हिला स्वतःसाठी जे करावंसं वाटेल ते करू द्या, तिला अडवू नका." त्या एका ओळीने पुढे किती वाद वाचले सांगता येत नाही, तुमच्याही पत्रात घालायला लावा.

घरात एखादे कडक हिंदुत्ववादी काका असतील आणि ते म्हणाले की विधी नाकारणं म्हणजे धर्म बुडवणं, तर त्यांना शांतपणे आपल्या भगूरच्या सावरकरांची आठवण करून द्यावी. त्यांनी स्वतःबद्दल हेच सांगून ठेवलं होतं, देह विद्युतदाहिनीत न्यावा, मागे श्राद्ध-पिंडदान असलं काही करू नये. १९६६ साली ते गेले. हा दाखला मी वापरलेला आहे, काका पाच मिनिटं गप्प होते.

पहिले काही तास

घरी मृत्यू झाला असेल तर आधी डॉक्टर. फॅमिली डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट (४अ फॉर्म म्हणतात तो) दिल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर ते तिथूनच मिळतं. आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून ठेवा, गेलेल्याच्या आणि तुमच्या दोन्ही.

नेत्रदान करायचं असेल तर साधारण सहा तासांच्या आत, म्हणजे रडारड चालू असतानाच कोणीतरी उठून सिव्हिलला किंवा नेत्रपेढीला फोन करायला हवा. तोपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, डोक्याखाली उशी, पंखा बंद. माणसं घरी येतात, अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही, चष्मा होता किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं तरी डोळे चालतात. एखाद्या आजी म्हणतातच की डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल. त्यांच्याशी पुनर्जन्म आहे की नाही यावर वाद घालू नका, दधीची ऋषींनी हाडं दिली होती ना देवांना, ती गोष्ट त्यांनीच आपल्याला लहानपणी सांगितलेली असते, ती त्यांना परत सांगा.

देहदान असेल तर मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागाला फोन करा, आपल्याकडे आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आहे. आधी फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी जवळच्या नातेवाईकांची संमती लागते, आणि तिथे दोन भाऊ एकमेकांसमोर उभे राहून भांडायला लागले तर कॉलेजवाले सरळ हात वर करतात, त्यांचंही चुकत नाही. पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, काही ठरावीक संसर्ग असतील, देह खराब व्हायला लागला असेल तर घेत नाहीत, त्यामुळे दुसरा पर्याय आधीच ठरवून ठेवा. डोळे दिले म्हणून देहदान अडत नाही, दोन्ही होतं.

देहदानात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. श्रद्धाळू माणसांच्या हातात करायला काहीच उरत नाही. अग्नी नाही, राख नाही, अस्थी नाहीत, अँब्युलन्सचं दार लागलं की संपलं, आणि मग ती माणसं सैरभैर होतात. त्यामुळे गाडी बोलावायची घाई करू नका, तास-दीड तास लोकांना जवळ बसू द्या, फुलं वाहू द्या, कोणाला पाया पडायचं असेल तर पडू द्या. काही ठिकाणी गुरुजी पालाशविधी सुचवतात, देह हाती नसेल तर पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देतात तो. मला विचाराल तर ते करू नये. ज्या गोष्टीला तो माणूस नाही म्हणाला तीच त्याच्या पुतळ्यावर करायची, ही पळवाट झाली.

ग्रुपवरचा मेसेज

हे छोटं काम वाटतं पण पहिलं भांडण इथेच होतं. एक मेसेज एकाच माणसाने लिहावा आणि तोच सगळ्या ग्रुपवर जावा. "देवाज्ञा झाली" ऐवजी "निधन झालं", आणि खाली अंत्यविधी किती वाजता, कुठून निघणार, बस. आणि तिथेच एक ओळ घाला: त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी होणार नाही. आधी कळलं की लोक तयारीने येतात, नाहीतर निफाडहून आलेले मामा अमरधामच्या ओट्यापाशी उभं राहून विचारतात की अरे पाणी कोण पाजणार, मडकं कुठंय, आणि मग तिथे समजावत बसावं लागतं.

खाली तीनशे लोक "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" लिहिणार आहेत. लिहू द्या. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका प्लीज.

अमरधाम

डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि आधार बरोबर ठेवा, तिथली पावती जपून ठेवा, ती पुढे नोंदणीला लागते. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल तर नेण्याच्या आधीच डॉक्टरांना आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा, तो काढून घ्यावा लागतो, उष्णतेने फुटतो. विद्युतदाहिनी चालू आहे का तेही घरातून निघायच्या आधी फोन करून विचारा.

विधी नाहीत म्हणजे तिथे करायचं काय, हा खरा प्रश्न आहे. मंत्र म्हणणारा कोणी नसला की पाचशे माणसं नुसती उभी राहतात, कोणाला कळत नाही कधी काय, आणि त्या अवघडलेपणात कोणीतरी एक अनुभवी गृहस्थ पुढे होऊन सूत्रं हातात घेतात आणि पाच मिनिटांत सगळं नेहमीसारखं सुरू होतं. ते गृहस्थ वाईट नसतात, ते रिकामी जागा भरतात इतकंच. म्हणून ती जागा रिकामी ठेवू नका. एका माणसाला आधीच सांगून ठेवा, त्याने दोन मिनिटं बोलायचं, हे कोण होते, त्यांची इच्छा काय होती, आता सगळ्यांनी एकेक फूल वाहायचं, मग दोन मिनिटं शांतता, मग अमुक अग्नी देणार. आमच्याकडे हे थोरल्या दिरांनी केलं. आवाज मोठा असलेला माणूस निवडा, तिथे माईक नसतो.

अग्नी कोणी द्यायचा यावर पण वाद होतो, मुलगी पुढे झाली की कुजबुज सुरू. १८९० साली जोतीराव फुले गेले तेव्हा वारसाहक्कावरून वाद उभा राहिला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं (अंत्ययात्रेत पुढे धरतात ते मडकं) हातात धरलं, त्याला सव्वाशेच्या वर वर्षं झाली. मुलीला द्यायचा असेल तर ती देईल.

बौद्ध नातेवाईक असतील तर तेही मेणबत्त्या आणि त्रिसरण-पंचशीलाची तयारी घेऊन येतात. आमच्या जाऊबाईंच्या माहेरचे एक काका मनापासून म्हणाले, "अण्णा देव मानत नव्हते म्हणजे ते आपलेच होते." प्रेमाने म्हणाले, पण अण्णा कोणाचेच नव्हते, हेच तर त्यांचं म्हणणं होतं. वंदना त्यांनी संध्याकाळी घरी येऊन घेतली, आम्ही बसलो. तीच गोष्ट अण्णांच्या चळवळीतल्या मित्रांची. पुरोगामी मंडळींना अशा वेळी भाषण करायचा मोह होतो, चितेपाशी कर्मकांडावर टीका नको, बाजूला त्यांची बहीण उभी असते.

घर मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल तर वेळ अजून कमी मिळतो. मुस्लिम घरात दफन शक्यतो त्याच दिवशी, आणि नमाज-ए-जनाजा हा उरलेल्यांवरचा सामुदायिक फर्ज मानतात, त्यामुळे घरातल्या मोठ्यांशी हे बोलणं जिवंतपणीच झालेलं बरं. ख्रिश्चन घरात दफनाची जागा चर्चच्या कब्रस्तानात असेल तर फादर किंवा पास्टरशी आधी बोलावं लागतं, जो माणूस कित्येक वर्षं चर्चला गेलाच नाही त्याच्याबद्दल ते काय करतील हे आयत्या वेळी कळणं बरं नाही.

रात्रीचा दिवा आणि कडू घास

कडू घासाला कोणाचाच विरोध नसतो, शेजारी पिठलं-भाकरी आणतात, सगळे जेवतात, ती माणुसकी आहे. दिव्याचं वेगळं. माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा, काही घरांत त्याखाली ताटात पीठ पसरून ठेवतात आणि सकाळी बघतात की कशाचं पाऊल उमटलंय, कोणता जन्म मिळाला. सासूबाईंना दिवा हवा होता. मुलांचं म्हणणं, अण्णांच्या खोलीत नको. शेवटी दिवा देवघराशेजारी लागला, पिठाचं ताट काही ठेवलं नाही, आणि सासूबाईंनीच सांगितलं की तो त्यांना रात्री अंधारात उठावं लागतं म्हणून पण बरा पडतो. असे तोडगे जागेचे असतात, तत्त्वाचे नसतात. जागा बदलून बघा, बऱ्याचदा भागतं.

अस्थी

त्यांनी "गंगेत चालेल" म्हटलं असेल तर प्रश्नच नाही, रामकुंडावर जा. नको म्हटलं असेल तर राख शेतात, बांधावर किंवा झाडाखाली घालतात. इथे एक व्यवहारातली गोष्ट: ही राख खारट आणि अल्कली असते, रोपाच्या मुळाशी अख्खी ओतली तर रोप जळतं, आणि ते आजोबांचं झाड वाळलं की घरात जो अर्थ काढला जातो तो विचारू नका. थोडी राख भरपूर मातीत कालवून खोडापासून लांब पसरा, उरलेली बांधावर. द्राक्षबागेत तर नकोच.

वाटून घेणं हाही मार्ग आहे. काही घरं थोडी राख बांधावर घालतात आणि थोडी बहिणीला देतात, ती ती गंगेत सोडते. कडक नियमाने बघितलं तर हे पहिल्या यादीतलं आहे आणि व्हायला नको. पण तो माणूस राख पाण्यात सोडण्याच्या विरोधात नसेल, फक्त मंत्रांच्या विरोधात असेल, तर मंत्र न म्हणता सोडायला मला काही वावगं वाटत नाही.

रामकुंडावर किंवा त्र्यंबकला गेलात तर तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या तिथे असतात, पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, गाव कुठलं, सगळं लिहिलेलं. आमच्या नास्तिक मुलांनी पण ते पान अर्धा तास वाचलं. विधी न करता नुसतं नाव नोंदवा म्हटलं तर काही जण नोंदवतात, दक्षिणा द्या, घराण्याचं रेकॉर्ड म्हणून मला ते आवडतं.

दहावा

सगळ्यात अवघड जागा हीच. नाशिककडे दशक्रिया म्हणजे नुसता विधी नाही, ते सार्वजनिक काम आहे. पेपरात जाहिरात, सकाळी रामकुंड, प्रवचन, मग नगरसेवकापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं. सिन्नर, दिंडोरी, निफाडचे पाहुणे त्या दिवसाचा हिशोब धरून येतात. दहावा रद्द केला तर त्यांना भेटायला दिवसच राहत नाही, आणि "साधा दहावा पण घातला नाही" ही गोष्ट गावात वर्षानुवर्षं फिरते, ती सुनेच्या नावावर फिरते हे वेगळं सांगायला नको.

तर दिवस तोच ठेवा, वेळ तीच ठेवा, जागा आणि मजकूर बदला. एखादा हॉल किंवा शाळेचं सभागृह घ्या, शोकसभा ठेवा, जाहिरातीत दिवस-वेळ-पत्ता ठळक द्या. तासाभरात आटपा. पाच-सहा बोलणारे पुरे आणि त्यांना आधी सांगा की किस्से सांगा, थोर होते म्हणू नका. त्यात एक बोलणारा घरातला श्रद्धाळू माणूस असलाच पाहिजे. आत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा देव मानायचा नाही, पण मी पंढरीला निघाले की चपला नव्या तोच घेऊन द्यायचा." तेवढं बोलून बसल्या. त्या सभेतलं सगळ्यांना तेच लक्षात राहिलंय.

सख्ख्या भावाला किंवा पुतण्याला तरीही पिंडदान करायचंच असेल तर? मुलाने नाही म्हटलं तर दुसरा कोणी कर्ता होऊ शकतो, म्हणून मुलावर जबरदस्ती करायचं कारण नाही, मुंडणाची तर नाहीच नाही. भावाला करायचं असेल तर त्याने गाजावाजा न करता करावं, पत्रिकेत घराचं नाव नको, आणि नास्तिक बाजूच्या पोरांनी तिथे जाऊन मोबाईलवर शूटिंग करू नये. हे बरोबर आहे का? पत्राप्रमाणे नाही. पण सत्तरीच्या माणसाला घाटावरून ओढून आणणार आहात का? मी तरी नाही आणणार.

कावळ्याबद्दल एवढंच. पिंडाला कावळा शिवला नाही की लगेच बोललं जातं, नास्तिक होता ना, जीव अडकला, मग मोठमोठ्याने वचनं देणं सुरू होतं, धाकट्याचं लग्न करू, घराचं काम पुरं करू. दशक्रियेच्या गर्दीत घाटावर पिंडांची रांग लागलेली असते, कावळ्यांची पोटं टम्म फुगलेली असतात. ज्याच्यावर ती वचनं ढकलली जातात त्या मुलाला त्या दिवशी तिथे नेऊच नका.

तेरावा आणि नंतरचं त्र्यंबक

जेवण घाला, त्यात वाद नाही, गोड करायचं की नाही ते बायकोला विचारा. वाचलेल्या पैशांतून त्यांच्या नावाने काही द्यायचं असेल तर ते वाचणारे होते का, शेती करणारे होते का ते बघून द्या. अण्णांची पुस्तकं आम्ही वाचनालयाला देऊन टाकली, सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे नाशिकला, अण्णांची सगळी हयात तिथल्या टेबलांवर गेली होती.

खरा त्रास सहा-आठ महिन्यांनी येतो, आणि त्याची तयारी कोणीच ठेवत नाही. नातवाची नोकरी गेली, सुनेचं मूल राहत नाही, घरात आजारपण, की कोणीतरी म्हणतंच, तुम्ही त्यांचं काही केलं नाही ना, पितृदोष आहे, त्र्यंबकला जाऊन त्रिपिंडी करा, नारायण नागबळी करा. त्र्यंबक तीस किलोमीटरवर, माणूस एका सकाळी जाऊन येऊ शकतो, म्हणून हा दबाव इथे जास्त. ज्या बाईचं मूल राहत नाही तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून सासऱ्याच्या आत्म्याचा हिशोब मांडला जातो, मला यात मध्यममार्ग दिसत नाही, इथे सरळ नाही म्हणा. भीती घालून करवून घेतलेली गोष्ट दुसऱ्या यादीतही बसत नाही. आणि नाही म्हणायचं काम घरातल्या श्रद्धाळू माणसाने केलं तर ते टिकतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "ह्यांनी जिवंतपणी कोणाचं वाईट केलं नाही, मेल्यावर नातवाचं करतील होय?" विषय संपला.

कागदपत्रं

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर माहिती हॉस्पिटल पाठवतं, घरी गेले असतील तर आपल्याला जावं लागतं, ज्या भागात मृत्यू झाला त्या महापालिका विभागीय कार्यालयात, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, पूर्व, पश्चिम जे असेल ते. नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहिलंय ना ते तिथल्या तिथे तपासा. दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या, बँक, पेन्शन, विमा, सातबारा, सगळीकडे लागतात. हे काम सुतकात करू नये असं कोणी म्हटलं तर जो सुतक पाळत नाही त्याला पाठवा, नास्तिक मुलाचा असाही उपयोग होतो.

लहान मुलं

आजी सांगते आजोबा देवाघरी गेले, बाबा सांगतो ते कुठेच गेले नाहीत, ते संपले. मूल मधल्या मधे. दोघांनी फक्त "आजीला असं वाटतं", "मला असं वाटतं" एवढं जोडलं तरी मुलांना कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. झोपलेत म्हणू नका, मग ती झोपायला घाबरतात.

वर्षश्राद्ध

इथे कॅलेंडरच मदतीला येतं. वर्षश्राद्ध तिथीने येतं आणि मुलं लक्षात ठेवतात ती तारीख, त्यामुळे बहुतेक वेळा दोन वेगळे दिवस मिळतात. तिथीला सासूबाई आणि आत्या त्यांचा नैवेद्य करतात, त्या दिवशी आम्ही स्वयंपाकाला हात लावतो आणि प्रश्न विचारत नाही. तारखेला मुलं रक्तदानाला जातात, संध्याकाळी सगळे मिळून मिसळ खायला, कारण अण्णांना ती आवडायची आणि डॉक्टरांनी बंद केली होती. पितृपक्षात पण तसंच. आधीच्या आठवड्यात ग्रुपवर दोन्ही दिवस टाकून ठेवायचे, म्हणजे ज्याला ज्या दिवशी यायचंय तो येतो, आणि आत्या काही दोन्ही दिवस सोडत नाहीत.